खरं डीझेड इंजिन कसं ओळखायचं : १९६९ च्या कॅमारो झेड/२८ चे मूळ भाग तपासताना

ओहायोतल्या एका गावात मित्राबरोबर १९६९ ची शेव्हरोले कॅमारो झेड/२८, म्हणजे कॅमारोची शर्यतीसाठी घडवलेली आवृत्ती, बघायला गेलो होतो. गाडी देखणी होती. विकणाऱ्याने इंजिनाच्या पुढच्या बाजूचा ठसा आधीच साफ करून ठेवला होता आणि त्यावर ‘डीझेड’ ही अक्षरं, म्हणजे त्या वर्षीच्या झेड/२८ च्या इंजिनाचा संकेत, स्वच्छ दिसत होती. मित्राने चेकबुक जवळजवळ बाहेर काढलंच होतं. मी दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा आणि छोटी बॅटरी घेऊन डिस्ट्रिब्युटरच्या मागे डोकावलो. ब्लॉकच्या मागच्या कडेवर ओतीव अक्षरांत तारीख होती : ‘ई २० ९’, म्हणजे २० मे १९६९. गाडी कधी बनली ते सांगणाऱ्या बॉडीच्या पत्र्यावर तारीख होती फेब्रुवारीची. म्हणजे गाडी जन्मली तेव्हा तिच्या इंजिनाचं लोखंड अजून वितळलंही नव्हतं.

त्या दिवशी मित्राचे बरेच पैसे वाचले. पण माझ्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. पुढचा ठसा खरा वाटावा इतका सुबक होता, आणि आम्ही तेवढाच बघून निघालो असतो तर फसलो असतो. गट नंबर जुळला म्हणून आपण जमीन घेत नाही. सातबारा, फेरफार, चतु:सीमा सगळं पाहतो. या गाड्यांचंही तसंच आहे. ब्लॉकवरचा ओतीव नंबर, असेंब्लीचा ठसा, गाडीच्या क्रमांकाचा ठसा आणि तारखा, या चौघांनी एकच हकिकत सांगितली पाहिजे.

मी इथे एकच गाडी धरून चालतो, कारण नुसती सर्वसाधारण पद्धत सांगितली तर हातात काही उरत नाही. झेड/२८ निवडण्याचं कारणही आहे. या गाडीचा व्हीआयएन, म्हणजे कारखान्याने दिलेला गाडीचा क्रमांक, ती झेड/२८ आहे की नाही हे सांगतच नाही. तो फक्त ‘व्ही८ इंजिनाची कॅमारो’ एवढंच सांगतो. त्यामुळे साध्या ३२७ किंवा ३५० घनइंची इंजिनाच्या कॅमारोवर पट्टे रंगवून, बिल्ले लावून तिला झेड/२८ करणं फार सोपं आहे, आणि खरं-खोटं ठरवण्याचा मोठा भार इंजिनावर येतो.

हे इंजिन मुळात आहे काय

अमेरिकेतल्या एससीसीए संस्थेच्या ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिनाला ३०५ घनइंचांची, म्हणजे साधारण पाच लिटरची मर्यादा होती. शेव्हरोलेकडे ३२७ होतं, ते या मर्यादेबाहेर. मग ३२७ चा चार इंच बोअरचा (म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा) ब्लॉक आणि जुन्या २८३ चा तीन इंच स्ट्रोकचा (म्हणजे पिस्टनच्या वर-खाली प्रवासाचा) क्रँक एकत्र आला आणि ३०२ घनइंचांचं इंजिन तयार झालं. शेव्हरोलेतले व्हिन्सेंट पिगिन्स यांनी हा प्रकल्प पुढे रेटला. १९६७ मध्ये जेमतेम ६०२ गाड्या निघाल्या, १९६८ मध्ये ७,१९९ आणि १९६९ मध्ये २०,३०२. पेन्स्केच्या शर्यत-संघातून चालक मार्क डोनह्यू यांनी १९६८ आणि १९६९ ची अजिंक्यपदं याच गाडीवर मिळवली.

ओळख पटवताना हा इतिहास उपयोगी पडतो, कारण चार इंच बोअर ३०२, ३२७ आणि ३५० या तिघांनाही सामाईक आहे. ब्लॉक बाहेरून सारखेच दिसतात, कित्येकदा ते खरोखरच एकाच ओतकामाचे असतात. फरक आहे तो स्ट्रोकचा : ३०२ ला ७६.२ मिलिमीटर, ३२७ ला ८२.५ आणि ३५० ला ८८.४.

गाडीजवळ जाताना

वही, फोन, आरसा, दोन बॅटऱ्या, नायलॉनचा मऊ ब्रश, कार्ब्युरेटर क्लीनरचा डबा आणि जुन्या सुती कापडाचे तुकडे बरोबर ठेवा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि कानस घरी ठेवा. ठशाच्या जागेवर यातलं काहीही फिरवलं की जो पुरावा तुम्ही शोधायला आलात तोच तुम्ही पुसून टाकता. मी चांगल्या माणसांनाही घाईत ही चूक करताना पाहिलंय.

सर्वांत आधी इंजिनाकडे न बघता दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली, डॅशबोर्डवरचा व्हीआयएन. १९६८ पासून तो चालकाच्या बाजूला काचेतून बाहेरून दिसतो. १९६९ च्या व्ही८ कूपेचा क्रमांक १२४३७९ ने सुरू होतो : १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे व्ही८ कॅमारो, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, ९ म्हणजे १९६९ चं मॉडेल. पुढचं अक्षर कारखान्याचं. ‘एन’ असेल तर ओहायोतलं नॉरवुड, ‘एल’ असेल तर कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाइज. त्यानंतर सहा आकडी अनुक्रमांक.

दुसरी गोष्ट म्हणजे बॉनेट उघडल्यावर काचेखालच्या फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या भिंतीवर) रिव्हेटने बसवलेला बॉडीचा पत्रा. त्यावर ‘०२बी’ अशी खूण असते, म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. नॉरवुडच्या गाड्यांवर डिसेंबर १९६८ पासून एक्स अक्षराचे संकेतही आले. एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर ती झेड/२८ होती, हा भक्कम पुरावा आहे. व्हॅन नाइजच्या पत्र्यावर हे संकेत नसतात, म्हणून तिथली गाडी एक्स नाही एवढ्यावरून खोटी ठरवू नका. रिव्हेटही नीट पाहा. ते काढून पुन्हा लावलेले दिसले, तर पत्रा बदललेला असण्याची शंका धरा.

पुढचा ठसा

डावी-उजवी बाजू नेहमी चालकाच्या सीटवर बसून, समोर बघत ठरवायची. अमेरिकन गाडीत चालक डावीकडे. इंजिनाच्या उजव्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) पुढच्या टोकाखाली ब्लॉकची एक छोटी सपाट पट्टी पुढे आलेली दिसते. जाणकार तिला ‘पॅड’ म्हणतात. १९६९ मध्ये अल्टरनेटर उजव्या बाजूला आला, त्यामुळे पॅड त्याच्या मागे दडतो. विकणाऱ्याची परवानगी घेऊन अल्टरनेटरचे बोल्ट सैल करा आणि तो बाजूला करा. दहा मिनिटांचं काम आहे.

क्लीनर फवारा, पाच मिनिटं थांबा, मऊ ब्रशने पुसा. मग बॅटरी समोरून न धरता पॅडच्या पातळीला आडवी धरा, म्हणजे ठशाच्या खोलीत सावली पडते. फोटो असाच काढा. समोरून फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत निम्म्या खुणा हरवतात.

तुम्हाला ‘व्ही ०१२४ डीझेड’ असं काहीतरी दिसायला हवं. ‘व्ही’ म्हणजे मिशिगनमधला फ्लिंटचा व्ही८ कारखाना, ०१२४ म्हणजे २४ जानेवारी, आणि ‘डीझेड’ हा १९६९ च्या ३०२ चा संकेत. इथे वर्ष नसतं. सुरुवातीला ‘टी’ दिसला तर तो न्यूयॉर्कमधल्या टोनावांडाचा, ‘के’ दिसला तर कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सचा. डीझेड ठशापुढे यांपैकी काहीही असेल तर तिथेच थांबा.

दुसरा ठसा गाडीच्या क्रमांकाचा. १९६८ च्या मॉडेलपासून इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर व्हीआयएनचा भाग ठोकलेला असतो. तो ‘१९एन५…’ असा दिसतो : १ शेव्हरोलेचा, ९ वर्षाचा, एन नॉरवुडचा आणि मग तेच सहा आकडे. १९६९ मध्ये तो कधी पॅडवर, तर कधी डाव्या बाजूला तेलाच्या फिल्टरच्या वर ब्लॉकच्या खडबडीत भागावर असतो. पॅडवर नाही म्हणून घाबरू नका. फिल्टरजवळ हात घालून तिथलं तेल-धूळ साफ करा. पन्नास वर्षांचा चिकट थर असतो, धीर धरा.

आता खरी परीक्षा. हे दोन ठसे दोन वेगळ्या गावांत, वेगळ्या माणसांनी, वेगळ्या पंचांनी मारले आहेत. पहिला फ्लिंटला इंजिन जोडताना, दुसरा नॉरवुडला गाडीत बसवताना. त्यामुळे त्यांची उंची, खोली, ओळीचा कल आणि अक्षरांची घडण वेगळी असायलाच हवी. दोन्ही ठसे एकाच हाताचे, एकाच ओळीत आणि एकाच खोलीचे दिसले तर ते गॅरेजमध्ये एकाच दुपारी मारले गेले असण्याची शक्यता फार मोठी आहे.

पॅडचा पृष्ठभागही वाचायला शिका. कारखान्यात ब्लॉकची वरची सपाटी ब्रोच नावाच्या मोठ्या दातेरी हत्याराने एका झपाट्यात कापली जात असे. त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा उरतात. खऱ्या ठशात या रेषा अक्षरांच्या मधूनमधून तशाच चालू राहतात, आणि अक्षराच्या कडेला लोखंड किंचित दाबलं गेलेलं दिसतं. पुन्हा मशीन केलेल्या ब्लॉकवर या रेषा नसतात, किंवा गोल गोल फिरणाऱ्या कटरच्या खुणा दिसतात. काही हुशार लोक पॉलिश पेपरने खोट्या रेषा ओढतात. त्या एकमेकींना समांतर नसतात, वळतात, आणि काठाजवळ पातळ होतात. हे पाहायला एखाद्या निर्विवाद मूळ गाडीच्या पॅडचा फोटो शेजारी धरा, शक्य असेल तर त्याच महिन्यातल्या.

इथे एक न्याय्य गोष्ट सांगितली पाहिजे. रेषा नाहीत म्हणजे फसवणूकच झाली असं नाही. पूर्वी इंजिन पुन्हा बांधताना मेकॅनिक सपाटी सरळ करायला वरचा भाग कापत, आणि त्यात ठसा सहज निघून जाई. त्या काळी या नंबरांना कोणी किंमत देत नव्हतं. कोऱ्या पॅडचा ब्लॉक प्रामाणिक असू शकतो. कोरा झालेला पॅड नव्याने कोरला गेला, की प्रश्न सुरू होतो.

ब्लॉकच्या पाठीवर

हीच ती जागा जिच्यासाठी आरसा आणला. ब्लॉक जिथे गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या घराला मिळतो, त्या मागच्या कडेवर डाव्या बाजूला सात आकडी ओतीव नंबर आणि उजव्या बाजूला ओतकामाची तारीख असते. ही अक्षरं उठावाची असतात, साच्यातूनच आलेली. पंचाचा ठसा बदलणं सोपं, हे बदलणं अवघड. म्हणूनच मी नेहमी पुढच्यापेक्षा मागच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

१९६९ च्या ३०२ साठी तीन ओतीव नंबर दिसतात : ३९३२३८६, ३९५६६१८ आणि वर्षाच्या उत्तरार्धात ३९७००१०. यातला शेवटचा नीट लक्षात ठेवा. तोच ब्लॉक ३५० घनइंचांसाठी १९७९ पर्यंत कार आणि ट्रकमध्ये सर्रास वापरला गेला. भंगारात तो मुबलक मिळतो, आणि खोटं डीझेड करणाऱ्याला हाच कच्चा माल हवा असतो. ‘नंबर बरोबर आहे’ हे वाक्य ऐकलं की विचारा : कोणता नंबर? ओतीव नंबर फक्त घराणं सांगतो, व्यक्ती सांगत नाही.

तारीख वाचायची पद्धत सोपी आहे. महिन्याचं इंग्रजी अक्षर, ए जानेवारी ते एल डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा एक आकडा. ‘ए १७ ९’ म्हणजे १७ जानेवारी १९६९. पण तोच आकडा १९७९ चाही असू शकतो. ३९७००१० ब्लॉकच्या बाबतीत ही शंका खरीच घ्या. इथे खालची बाजू मदतीला येते. १९६९ च्या ३०२ ला क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या मधल्या टोप्या चार बोल्टच्या असतात. तेलाचा चेंबर उघडता आला तर क्रँकही बघा. तो घडीव पोलादाचा असतो. त्याच्या अंगावरची साच्याची सांध-रेघ रुंद पट्ट्यासारखी असते, ओतीव क्रँकवर ती धाग्याएवढी बारीक. १९६८ आणि १९६९ च्या ३०२ क्रँकवर ११७८ हा घडणीचा आकडा मिळतो. हेड काढलेलं असेल तर पिस्टनचा वर-खाली प्रवास मोजा. ७६ मिलिमीटर असेल तर जमलं, ८८ असेल तर तुमच्यासमोर डीझेडचा मुखवटा घातलेलं ३५० आहे.

हेड, मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर

हेडच्या दोन्ही टोकांवर उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे दिसतात, त्यावरून लोक लांबूनच खुश होतात. तेवढं पुरेसं नाही. व्हॉल्व्ह कव्हर काढा. आत ३९२७१८६ हा नंबर आणि तारीख ओतलेली असते. हाच हेड त्या वर्षीच्या काही ३५० इंजिनांवरही होता, पण बहुतेकदा लहान इनटेक व्हॉल्व्हसह. ३०२ ला इनटेक व्हॉल्व्ह २.०२ इंचांचा आणि एक्झॉस्ट १.६० इंचांचा. आणखी एक झटपट खूण : १९६९ पासून हेडच्या टोकाला अल्टरनेटर वगैरे बसवायला बोल्टची भोकं आली. १९६९ ची गाडी आणि भोकं नसलेले हेड दिसले, तर ते जुन्या गाडीतून आलेत.

कव्हर काढलंच आहे तर टॅपेट सॉलिड, म्हणजे हायड्रॉलिक नसलेले, आहेत का पाहा. या कॅमशाफ्टला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे ०.०३० इंच गॅप लागतो, म्हणून त्याला ‘थर्टी-थर्टी’ म्हणतात. चालू इंजिनावर त्याचा टक-टक आवाज कानाला सुखद वाटावा असा असतो. अर्थात कॅम बदललेला असणं हा काही गुन्हा नाही. चालवलेल्या गाडीत तो बहुतेकदा बदलतोच.

इनटेक मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा, नंबर ३९३२४७२, आणि त्यावर विंटर्स ओतशाळेची बर्फाच्या चांदणीसारखी खूण. १९६८ च्या गाडीचा ३९१७६१० असतो, आणि तो १९६९ वर बसतो, म्हणून अदलाबदल फार होते.

कार्ब्युरेटर होली (Holley) कंपनीचा, ७८० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा घेणारा). चोकच्या उभ्या भिंतीवर ‘लिस्ट ४०५३’, जीएमचा (शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्स) नंबर ३९२३२८९ आणि खाली तीन आकडी तारीख. पहिला आकडा वर्ष, दुसरा महिना, तिसरा आठवडा. ९१२ म्हणजे १९६९ च्या जानेवारीचा दुसरा आठवडा. चार आकडी तारीख दिसली तर तो नंतरच्या काळातला सुटा बदली कार्ब्युरेटर. सगळ्यात जास्त बदललेला भाग हाच, आणि मूळ मिळाला तर त्याची किंमतही तशीच.

डिस्ट्रिब्युटरच्या मानेवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते : १९६९ साठी ११११४८० आणि ‘९ ए ८’ अशी तारीख. गाडीचे विजेचे भाग बनवणाऱ्या डेल्को-रेमीच्या भागांवर महिन्याच्या अक्षरांतून ‘आय’ वगळलेला असतो, कारण तो १ सारखा दिसतो. म्हणून तिथे सप्टेंबरला ‘जे’ आणि डिसेंबरला ‘एम’ येतो. ब्लॉकवर सप्टेंबर ‘आय’ च. या एका अक्षराने अनेकांचा हिशेब महिन्याने चुकतो. अल्टरनेटर आणि सेल्फ यांनाही डेल्कोचीच पद्धत लागू.

तारखा ओळीत लावा

आता वहीतली पानं एकत्र आणा आणि सगळ्या तारखा एकाखाली एक लिहा, सर्वांत जुनी वर. समजा यादी अशी निघाली :

डिस्ट्रिब्युटर ८ जानेवारी, कार्ब्युरेटर जानेवारीचा दुसरा आठवडा, हेड १३ जानेवारी, ब्लॉक १७ जानेवारी, इंजिन असेंब्ली २४ जानेवारी, बॉडी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा.

ही यादी श्वास घेते. सॅगिनॉच्या ओतशाळेत ब्लॉक ओतला, तिथून फ्लिंटला आला, आठवड्यात जोडला गेला, रेल्वेने किंवा ट्रकने नॉरवुडला गेला, दोन-तीन आठवड्यांत गाडीत बसला. सुटे भाग कधी कधी महिनोन्‌महिने आधीचे असतात. शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स गाडीच्या मूळपणाचं परीक्षण करणारी एनसीआरएस ही संस्था गाडीच्या आधी सहा महिन्यांपर्यंतचा भाग ग्राह्य धरते, तो मापदंड कॅमारोलाही वापरायला हरकत नाही. उलट दिशा मात्र कधीच चालत नाही. ब्लॉकची तारीख असेंब्लीनंतरची, किंवा असेंब्लीची तारीख गाडीनंतरची असेल, तर कोणतीही गोड गोष्ट ऐकून घेऊ नका. हेड किंवा मॅनिफोल्ड नंतरचा असेल तर तो फक्त बदललेला भाग आहे. त्याची नोंद करा, किंमत कमी करा, पुढे चला.

एक सावधगिरी : १९७० चं नवीन मॉडेल लांबल्यामुळे १९६९ ची कॅमारो नोव्हेंबर १९६९ पर्यंत बनत राहिली. शरद ऋतूतल्या तारखा पाहून गाडी खोटी ठरवू नका.

‘सीई’ ब्लॉक

कधी पॅडवर डीझेडऐवजी ‘सीई’ आणि पुढे आकडे दिसतात. याचा अर्थ मूळ इंजिन वॉरंटीत निकामी झालं आणि शेव्हरोलेने बदली ब्लॉक दिला. झेड/२८ शर्यतीसारखी चालवली जायची, त्यामुळे हे काही नवल नाही. माझ्या मते योग्य काळातला सीई ब्लॉक असलेली गाडी ही खोटा डीझेड ठोकलेल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त आदराला पात्र आहे. तिने जे भोगलं ते ती लपवत नाही.

कागद

वॉरंटी पुस्तिकेबरोबर मालकाला एक छोटी धातूची पट्टी मिळत असे, ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’. तिच्यावर व्हीआयएन आणि इंजिनाचा संकेत उठावात असतो. ती जुळली तर आनंदच, पण अशा पट्ट्या नव्यानेही बनवल्या जातात, म्हणून ती लोखंडाच्या पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. असेंब्लीचा कागद सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडू शकतो. गाडी मूळची कॅनडात विकली गेली असेल तर जीएम कॅनडाकडून तिची नोंद मिळते. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेची अशी नोंद मिळत नाही, हे मोठं दु:ख आहे. याबाबतीत फोर्डवाले नशीबवान : १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून दिलेला अहवाल, मिळतो.

फोर्ड आणि क्रायस्लरच्या इंजिनांनाही हीच विचारपद्धत लागू पडते, लिपी फक्त वेगळी. फोर्डवर ‘सी९झेडई’ दिसलं तर सी म्हणजे साठचं दशक, ९ वर्ष, झेड मस्टंगसाठीचा, ई इंजिन विभागाचा. क्रायस्लरच्या ब्लॉकवर महिना, दिवस, वर्ष अशी पूर्ण तारीख ओतलेली असते. तिथेही ४४० घनइंची इंजिनाचा २५३६४३० हा ओतीव नंबर १९६६ ते १९७२ पर्यंत चालला, म्हणजे पुन्हा घराणं कळतं, गाडी कळत नाही.

ठसा नसलेलं इंजिन तुमच्या हाती आलं तर

नव्याने ठसा मारून घेऊ नका. ‘फक्त शोभेसाठी’ म्हणूनही नको. तुम्ही प्रामाणिक असाल, पण पुढचा मालक कोण असेल हे तुमच्या हातात नाही, आणि गाडीची ओळख सांगणारे नंबर फसवणुकीसाठी बदलणं अमेरिकेत गुन्हा आहे. त्याऐवजी त्या काळातला ब्लॉक, त्याच महिन्यांतले हेड आणि मॅनिफोल्ड शोधा, आणि ही गाडी तारखांनी सुसंगत आहे पण मूळ इंजिनाची नाही, असं विकताना स्पष्ट लिहा.

भारतातून किंवा दुबईतून कोणी नातेवाइकामार्फत अमेरिकेत अशी गाडी घेत असेल, तर स्वत: जाता येत नाही. तेव्हा सहा फोटो मागा : डॅशबोर्डचा व्हीआयएन, बॉडीचा पत्रा रिव्हेटसह, अल्टरनेटर बाजूला करून आडव्या उजेडात पॅड, फिल्टरवरची जागा, ब्लॉकच्या पाठीवरचा नंबर आणि तारीख. पाठीचा फोटो काढायला त्रास होतो, म्हणून बरेच लोक टाळतात. पहिले चार फोटो चकचकीत आणि मागच्या दोनांना ‘नंतर पाठवतो’ असं उत्तर आलं, तर टोकनचे पैसे पाठवण्याआधी त्या गावातला एखादा स्वतंत्र तपासनीस गाठा आणि त्याला आरसा घेऊन जायला सांगा.